एका पेटीत दोन बिऱ्हाडे

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी हमखास घडतात. संपादकांचे 'मजकूर कधी?' हे विचारणे सुरू होते, आणि आमच्या सौ.च्या हातात केरसुणी येते. पहिल्या संकटातून मी दरवर्षी काही ना काही सबब सांगून निभावून नेतो. दुसऱ्यातून आमच्या घरात आजवर कोणी सुटलेला नाही. माळा, कपाटे, पलंगाखालच्या ट्रंका असा मुलूख काबीज करीत ती अखेर माझ्या टेबलापाशी येऊन थांबते.

यंदा तिची नजर माझ्या काँप्युटरवर पडली.

"अहो, ही पेटी आता काढून टाकायची का?"

"का? चांगली चालते आहे की!"

"दुकानदार काय म्हणाला ते विसरलात वाटतं?"

विसरलो नव्हतो. आमच्या ठाण्यातल्याच एका दुकानदाराने पंख्यातली धूळ झटकता झटकता निकाल दिला होता, "साहेब, विंडोज टेन संपलं. इलेव्हन याच्यावर चढत नाही. नवा घ्या." अन् लगेच नव्याच्या किमतीचा कागद पुढे केला होता. वैद्याने नाडी सोडून एकदम तिरडीचा भाव सांगावा, तसे मला झाले.

त्याचे म्हणणे अगदीच खोटे होते असे नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची डागडुजी थांबली. त्या दिवशी कोणाचे यंत्र बंद पडले नाही. सकाळी कळ दाबली की पूर्वीसारखेच सुरू होते. पण घराच्या भिंतीला रोज नवी भोके सापडतात आणि कंपनीचा गवंडी ती बुजवायला येत असतो, तो यायचा थांबला. नोंदणी करणाऱ्या घरगुती गिऱ्हाइकांना कंपनीने आणखी एका वर्षाची सवलत ठेवली होती, पण सवलत म्हणजे घर नव्हे. विंडोज ११ साठी यंत्रात 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षेची सोय लागते आणि मेंदूही बऱ्यापैकी अलीकडचा लागतो. माझे यंत्र २०१६ सालचे. प्रवेशपरीक्षेत ते नापास झाले.

तरीही मी ते काढू देईना. कारण त्याच्या पोटात आमच्या अण्णांच्या आठवणी होत्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. कल्याणला शाळामास्तर होते. निवृत्त झाल्यावर हट्टाने मराठी टंकलेखन शिकले, आणि पुढे काँप्युटरवर त्याच टंकयंत्राच्या कळफलकाने लिहू लागले. २०१९ साली ते गेले. त्याआधीची तीन वर्षे रोज सकाळी चहानंतर दोन तास त्यांचे ते लेखन चाले. काय लिहिता म्हणून विचारले तर म्हणत, "संपल्यावर वाच." ते संपले नाही, आणि मी वाचलेही नाही. आज वाचू, उद्या वाचू म्हणत राहिलो. बाप गेल्यावर त्याचे अक्षर उघडायला धीर लागतो, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको.

शिवाय अडचण होती ती लिपीची. हल्ली आपण मराठी लिहितो ते युनिकोडमध्ये. त्यात 'क' हा कुठल्याही यंत्रावर 'क'च असतो. पण त्यापूर्वीचे बहुतेक मराठी फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर घातलेले मराठी मुखवटे. आत इंग्रजी अक्षर, वर मराठी चेहरा. तो नेमका फाँट यंत्रात नसला की मुखवटा गळतो, आणि शुद्ध मराठी परिच्छेदाच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या खुणा नाचू लागतात. अण्णांची आज्ञावली असल्याच जुन्या पठडीतली, केवळ विंडोजवर चालणारी, आणि वर तिला अंगठ्याएवढे एक कुलूप. ते यंत्राच्या पाठीत खोचल्याशिवाय ती उघडतच नसे. आमच्या सोसायटीचे हिशेबही सौ. अशाच एका जुन्या आज्ञावलीत ठेवते. तेव्हा विंडोज ठेवणे भाग, आणि त्याच विंडोजवरून बँकेचे व्यवहार करणे धोक्याचे. धरले तर चावते, सोडले तर पळते.

मार्ग काढला तो डोंबिवलीच्या माझ्या पुतण्याने. पोरगा इंजिनिअरिंगला आहे. फोनवर म्हणाला, "काका, फेकायचं कशाला? दोन बिऱ्हाडं ठेवू. एका बाजूला विंडोज राहील, त्याला इंटरनेट द्यायचं नाही. दुसऱ्या बाजूला लिनक्स. बँक, पत्रं, बातम्या सगळं तिकडे."

"एका पेटीत दोन?"

"मजेत. पण एका वेळी एकच जागं. आधी पार्टिशन करावं लागेल."

पार्टिशन! हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात कसेसेच झाले.

त्याचे कारण सांगितले पाहिजे. कल्याणला पारनाक्याजवळ आमचे जुने घर होते. २०११ साली ते विकले आणि आम्हा दोघा भावांत वाटणी झाली. धाकट्याचे म्हणणे विकू नये, माझे म्हणणे विकावे. विकले गेले. मी ठाण्याला होतोच, तो डोंबिवलीला स्थिरावला. अण्णा दिवाळी ते अक्षय्य तृतीया त्याच्याकडे राहत, आणि अक्षय्य तृतीया ते दिवाळी माझ्याकडे. भांडण म्हणावे तर झाले नाही. झाले असते तर बरे, मिटले तरी असते. गणपतीला एकमेकांकडे जायचे, मोदक खायचे, लोकलच्या गर्दीविषयी बोलायचे आणि घरी यायचे, एवढेच उरले होते. अण्णा गेल्यावर तर तेही कोरडे झाले.

पुतण्याला हे सारे ठाऊक असावे. तो गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, पार्टिशन म्हणजे नुसती भिंत. घर तेच राहतं."

आता हे लिनक्स काय प्रकरण आहे, ते थोडक्यात सांगतो. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी इथल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने स्वतःच्या यंत्रासाठी एक कारभारी लिहायला घेतला आणि तो जगाला खुला करून टाकला. कोणीही घ्यावा, उघडून पाहावा, सुधारावा. त्यातून उबंटू, डेबियन, फेडोरा, मिंट असे कितीतरी वाण निघाले. आपल्या सी-डॅकने २००७ साली 'बॉस' नावाचा भारतीय वाण काढला. योगायोग असा की देवनागरीला जागा देणारी युनिकोडची पहिली आवृत्तीही १९९१ चीच. आणि मराठी माणसाला अभिमान वाटावा अशी आणखी एक गोष्ट. विंडोजमधला सुप्रसिद्ध 'मंगल' फाँट रेखाटला तो आपल्या र. कृ. जोशी यांनी, आणि लिनक्सवाल्यांनाही मोकळेपणाने वापरता यावा असा 'रघू' फाँटही त्यांचाच. दोन्ही बिऱ्हाडांच्या दारावरच्या पाट्या एकाच हाताने लिहिलेल्या!

ठरल्याप्रमाणे रविवारी पुतण्या आला. आल्या आल्या पहिला प्रश्न, "काका, आजोबांच्या फाइलींची प्रत काढून ठेवलीत ना?"

"हो तर!" मी खिशातला पेनड्राइव्ह ऐटीत दाखवला. त्याने तो ठेवून दिला आणि कामाला लागला.

मी शेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. आधी त्याने विंडोजमध्येच जाऊन तबकडीचा पसारा आवरला. पाचशे जीबीची जागा, त्यातली शंभर मोकळी करून बाजूला काढली. मग 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बंद केली. ही सोय म्हणजे लबाडी आहे. आपण यंत्र बंद करतो, पण विंडोज पुरते निजत नाही, एक डोळा उघडा ठेवून पडते आणि आपल्या खोलीची कडी आतून लावून घेते. मग शेजाऱ्याला तिथे काही ठेवता येत नाही. त्यानंतर त्याने आठ जीबीचा दुसरा पेनड्राइव्ह लावला. त्यावर लिनक्स घरूनच भरून आणले होते. यंत्र पुन्हा सुरू करताना एफ-१२ ची कळ दाबली. (प्रत्येक कंपनीची ही कळ वेगळी असते.) पडद्यावर नवेच चित्र उमटले.

"हे अजून बसवलेलं नाही बरं का, काका. पेनड्राइव्हवरूनच चालतंय. आधी वापरून बघायचं. आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, मराठी नीट उमटतं का."

ही पद्धत मला फार आवडली. घर भाड्याने घेण्याआधी एक रात्र राहून पाहायला मिळाले असते, तर ठाणे जिल्ह्यातले निम्मे तंटे टळले असते. मराठी उत्तम उमटत होते. इन्स्क्रिप्ट कळफलक इथे आणि विंडोजमध्ये एकच, त्यामुळे बोटांना काही नवे शिकावे लागले नाही. मी मान डोलावली, आणि त्याने 'विंडोजशेजारी बसवा' या ओळीवर टिचकी मारली. पंचवीस मिनिटांत काम झाले.

"आता बघा. सुरू झालं की एक यादी येईल. ग्रब म्हणतात तिला. दहा सेकंदांत कुठं जायचं ते निवडायचं. नाही निवडलं तर पहिल्या ओळीवर जाईल."

"म्हणजे कल्याण जंक्शन!" मी म्हणालो. १८५४ च्या १ मेला आगगाडी कल्याणला पोचली, आणि पुढे तिथून दोन फाटे फुटले. एक शहाडवरून कसाऱ्याकडे, एक विठ्ठलवाडीवरून कर्जतकडे. कल्याणपर्यंत रूळ सगळ्यांचे एकच. गाडी कुठे वळवायची ते सांधे ठरवतात, आणि एक गाडी एका वेळी दोन्हीकडे जाऊ शकत नाही. हे ग्रब म्हणजे कल्याणची केबिन.

"बरोब्बर!" म्हणत त्याने यंत्र पुन्हा सुरू केले. यादी आली. पहिली ओळ लिनक्सची. दुसरीही लिनक्सचीच. विंडोजची ओळ कुठेच नव्हती.

कसाऱ्याचा फाटाच उखडला गेला होता.

पुतण्याचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाला, "काही नाही, होतं असं. पण आधी तुमची प्रत बघू." त्याने माझा पेनड्राइव्ह लावला. त्यात एकच फाइल होती, जेमतेम दोन केबीची.

"काका," तो हळूच म्हणाला, "ही फाइल नाही. हा शॉर्टकट आहे. तुम्ही घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी आणलीत. घर नाही."

मला घाम फुटला. अण्णांची तीन वर्षे, रोजचे दोन तास. मी एकदाही उघडून न पाहिलेले. सौ. पदराला हात पुसत बाहेर आली. माझ्याकडे बघून तिने काही विचारले नाही. सरळ फोन उचलला आणि डोंबिवलीला लावून माझ्या हातात दिला.

धाकट्याला काय सांगायचे? "अरे... अण्णांचं लिखाण... माझ्या हातून गेलं बहुतेक."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, "दादा, मी येतो." आणि फोन ठेवला.

तासाभरात तो दारात उभा. डोंबिवली ते ठाणे, रविवारचा मेगाब्लॉक, तरी तासाभरात! मला वाटले, आता बारा-चौदा वर्षांचे सगळे निघणार. त्याने चपला काढल्या, पाणी प्यायला, आणि खिशातून एक लहानशी प्लॅस्टिकची डबी काढून टेबलावर ठेवली. आत पेनड्राइव्ह होता.

"अण्णा माझ्याकडं असताना लिहायचे ना, ते यात आहे. ते कुलूप ते चष्म्याच्या खिशात घालून इकडून तिकडं न्यायचे. आमचा जुना काँप्युटर मोडीत गेला, तेव्हा एवढं काढून ठेवलं."

"मग तू वाचलंस?"

"कसं वाचणार? नव्या यंत्रावर नुसते कंस आणि टिंबं दिसतात. तो फाँट तुझ्याकडं, कुलूप तुझ्याकडं." जरा थांबून तो म्हणाला, "मागणार होतो. राहिलं."

मला वाटत होते, अण्णांचे सगळे लिखाण माझ्याकडे आहे. त्याला वाटत होते, त्याच्याकडे. सहा महिने इथे, सहा महिने तिथे. आणि इतकी वर्षे दोघांनीही एक अक्षर वाचले नव्हते.

एवढ्यात पुतण्या ओरडला, "सापडलं!" लिनक्सला विंडोजची खोली दिसते. तिथल्या फाइली वाचता येतात. (उलट मात्र नाही. विंडोजला आपणहून लिनक्सची खोली दिसत नाही. एक शेजारी डोकावणारा आणि एक नाकासमोर बघणारा, अशी ही जोडी आहे.) अण्णांच्या नावाचा कप्पा जसाच्या तसा होता. फाइल उघडली, तर डॉलर आणि कंस. पण कंस का होईना, होते!

मग त्याने मूळ दोषावर बोट ठेवले. ग्रबच्या अलीकडच्या आवृत्त्या सुरक्षेसाठी आपणहून दुसऱ्या बिऱ्हाडाचा शोध घेत नाहीत, त्यांना तसे सांगावे लागते. एका फाइलीत एक ओळ बदलायची आणि यादी नव्याने करवून घ्यायची. दोन मिनिटांचे काम. पुन्हा यंत्र सुरू केले. तिसऱ्या ओळीत विंडोज. मी पाठीत कुलूप खोचले, धाकट्याने त्याचा पेनड्राइव्ह लावला, आणि पडद्यावर अण्णांचे मराठी उभे राहिले. काना, मात्रा, वेलांटी सगळे जागच्या जागी.

तोच सौ. म्हणाली, "अहो, हे सव्वादोन काय दाखवतंय?"

भिंतीवरच्या घड्याळात संध्याकाळचे पावणेआठ वाजले होते. काँप्युटर दुपारचे सव्वादोन दाखवीत होता. पुतण्या हसू लागला. यंत्रातले घड्याळ लिनक्स जागतिक वेळेवर ठेवते आणि वाचताना त्यात आपले साडेपाच तास मिळवते. विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचते. घड्याळ एक, हिशेब दोन. लिनक्सला 'तूही स्थानिक वेळ धर' असे एकदा सांगितले की तंटा मिटतो. मिटलाही.

पण धाकटा पडद्याकडे बघत म्हणाला, "दादा, हे वाच. अण्णांनी हेच लिहिलंय."

अण्णांनी मुंबईच्या मामाच्या घड्याळाविषयी लिहिले होते. १९०६ साली देशभर 'स्टँडर्ड टाइम' आला, पण मुंबईने आपला 'बॉम्बे टाइम' सोडला नाही. तो एकोणचाळीस मिनिटांनी मागे, आणि १९५५ पर्यंत तो चालू होता. मामाचे घड्याळ जुन्या वेळेवर, आगगाडी नव्या वेळेवर. कल्याणहून सुट्टीला गेलेले अण्णा परतीची गाडी हमखास चुकवीत. मग मामी म्हणे, राहा आजचा दिवस. पुढे अण्णांनी एवढेच लिहिले होते की, दोन वेळांचा त्रास झाला असे कोणी म्हणाले की मला त्या जास्तीच्या दिवसांची आठवण होते.

आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. सौ.ने पाने घेतली. धाकटा त्या रात्री ठाण्यालाच राहिला. लोकल चुकली म्हणाला. त्या वेळी साडेनऊ वाजले होते!

ज्या वाचकांना हा उद्योग करावासा वाटेल त्यांना माझ्या अनुभवाचे चार शब्द. आधी प्रत काढा, आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. शॉर्टकट म्हणजे प्रत नव्हे. तबकडीला 'बिटलॉकर'चे कुलूप असेल, तर त्याचा सुटकेचा आकडा कागदावर उतरवून ठेवा. विंडोजची जागा विंडोजमधूनच कमी करा. जुने विंडोज ठेवाल, तर त्याला इंटरनेटपासून दूर ठेवा. आणि भिंत घालताना एक सामायिक कप्पा जरूर सोडा, दोन्ही बिऱ्हाडांना वाचता-लिहिता येईल असा. पुतण्याने तसा एक केला आहे. त्याला त्याने नाव दिले आहे 'माजघर'.

त्या माजघरात आता अण्णांचे दोन्ही भाग एकत्र ठेवले आहेत. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये नेण्याचे काम चालू आहे. यंत्र ते करते, पण पहिली वेलांटी एक घर मागे-पुढे सरकते, रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो, आणि मग माणसाला बसून दुरुस्त करावे लागते. आम्ही पाने वाटून घेतली आहेत. ही वाटणी मात्र दोघांनाही मान्य झाली.

दिवाळीच्या पहाटे यंदा तलावपाळीऐवजी आम्ही फडके रोडवर जाणार आहोत. पण त्याची वाट बघायला नको. रोज रात्री जेवणे झाली की फोन वाजतो.

"दादा, पान सत्तेचाळीस. अण्णांनी तुझ्याविषयी लिहिलंय. शब्द 'शहाणा' आहे की 'शहाणपणा'?"

"पुढं काय आहे?"

"पुढं 'नाही' आहे."

"मग राहू दे तसंच," मी म्हणतो.